बाजेखालचा विस्तव

भंडारा जिल्ह्यात घराची जमीन तापवायची युक्ती शोधतोय, असं मे महिन्यात कुणी म्हणालं तर ऐकणारा आधी त्याच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकेल. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, बाजा अंगणात निघालेल्या असतात आणि सारवलेली भुई हीच काय ती घरातली गार जागा उरते. डिसेंबर-जानेवारीत मात्र हीच भुई वैर धरते. धान निघून गेलेलं असतं, बांध्यांमध्ये ओल टिकून असते, आणि पहाटे तलाव-बोड्यांवरचं धुकं थेट गावात शिरतं. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली. एरवी जानेवारीतलं किमान तापमान बारा-तेराच्या आसपास राहतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या पायांना आणि दोन दिवसांच्या बाळाला सरासरीशी काय देणंघेणं? झाडीपट्टीतले, म्हणजे या पूर्व विदर्भातले, नाटकाचे शौकीन याच थंडीत अंगाखाली तणीस पसरून, कांबळ पांघरून रात्र काढतात. घरात झोपणाऱ्याला तेवढी हौस नसते.

म्हणून मातीच्या घरात खालून ऊब कशी आणायची, हा प्रश्न इथे जुनाच आहे. हल्ली शहरातून परतून शेतावर मातीचं घर बांधणारी मंडळी तो नव्याने विचारतात. नळ्या टाकू का, तारा टाकू का, जमिनीखालून धुराडं फिरवू का, अशी त्यांची चौकशी असते. उत्तर द्यायचं तर आधी हे पाहावं लागतं, की आपल्याकडे विस्तव जमिनीखाली का गेला नाही आणि बाजेखालीच का थांबला.

बाजेखालची शेगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती सांगायला नको. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत आतली, अंधारी खोली. दाराला गोधडी टांगलेली, खिडकी असलीच तर चिंध्यांनी बुजवलेली. सुतळीची किंवा नवारीची बाज, तिच्यावर एक पातळशी वाकळ. खाली मातीची शेगडी, नाहीतर जुनं घमेलं. गोवऱ्या आत आणून पेटवत नाहीत. त्या अंगणात किंवा चुलीत पेटवायच्या, ज्वाळ बसू द्यायची, धूर संपू द्यायचा आणि लालबुंद इंगळ तेवढे घमेल्यात काढून आत न्यायचे. वरून राखडीचा थर. सुईण बाजेच्या विणीवर पालथा हात ठेवून बघते. चटका बसला तर राखड वाढवते, कोमट लागलं तर चिमट्याने राख उकरते. मग ओवा आणि बाळंतशेपा चिमटीने विस्तवावर पडतात, खोलीत वास भरतो, आणि आई-बाळ दोघं त्या विणीतून वर येणाऱ्या उबेत घामेजून पडून राहतात. बाळाला न्हाऊमाखू घालून शेकायचं तेही याच विस्तवावर.

या शेगडीची वंशावळ काढायला गेलं की आपण थेट चरकसंहितेत पोचतो. सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे शेकून घाम काढण्याचा. त्यात अग्नीच्या आधाराने शेकण्याचे तेरा प्रकार दिले आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी खालून शेकण्याचे आहेत. कर्षूस्वेदात बिछान्याखाली खड्डा खणायचा, तो निखाऱ्यांनी भरायचा आणि वर निजायचं. कूपस्वेदातही बिछान्याखालीच खड्डा, पण तो हत्ती, घोडा, गाय, गाढव, उंट यांच्या लिदी-शेणाने भरून पेटवायचा. होलाकस्वेदात खड्ड्याऐवजी शेणाची रास बिछान्याच्या मापाने जाळायची आणि तिच्यावर बाज ठेवायची. कुंभीस्वेदात औषधी काढ्याचं भांडं जमिनीत अर्धं पुरायचं, वर आसन. आणि जमीन तापवण्याच्या आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे दोन म्हणजे अश्मघन आणि भूस्वेद. माणसाच्या लांबीची शिळा घ्यायची, तिच्यावर लाकडं जाळायची, शिळा तापली की सगळे निखारे झाडून काढायचे, गरम पाण्याने ती शिंपडायची, वर कांबळ अंथरायचं आणि निजायचं. शिळेच्या जागी भुई घेतली की झाला भूस्वेद. इथे माणूस निजतो तेव्हा विस्तव जागेवर नसतोच. उष्णता दगडात किंवा मातीत साठवायची आणि आग बाहेर काढून टाकायची, हा विचार त्या दोन प्रकारांत स्पष्ट आहे.

बाकीच्या अनेक प्रकारांत मात्र निखारे आणि माणूस एका खोलीत आहेत. चरक पुन्हा पुन्हा एकच अट घालतो, की निखारे धूर संपलेले असावेत. कर्षूत तेच, होलाकात तेच. सुईण गोवऱ्या अंगणात पेटवते ती याच अटीची वारसदार. डोळ्यांना झोंबत नाही, खोकला येत नाही, म्हणजे आता काळजी नाही, ही समजूत इतकी जुनी आणि इतकी अनुभवसिद्ध वाटणारी आहे की ती आजही अर्ध्या हिंदुस्थानाला हिवाळ्यात फसवते. धूर संपल्यावर निखाऱ्यांतून जो कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. त्याची ही करणी क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उलगडली. त्याआधी कुणालाच ती कळायचा मार्ग नव्हता, तेव्हा चरकाला दोष देण्यात अर्थ नाही.

उलट चरकाने काहीतरी पाहिलं होतं असं मला त्याच्या जेन्ताकाच्या वर्णनावरून वाटतं. जेन्ताक म्हणजे मातीने लिंपलेलं गोल घर, पाण्याच्या काठी बांधलेलं, आणि त्याला अनेक खिडक्या असाव्यात असं तो सांगतो. मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची मातीची भट्टी. भिंतीलगत दारापर्यंत गेलेला ओटा. भट्टीत खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडं जाळायची, ती धुमसायची थांबली की आत शिरायचं. आणि आत शिरणाऱ्याला ताकीद अशी, की मूर्च्छा येतेय असं वाटलं तरी ओटा सोडू नकोस. ओटा सुटला तर तुला दार सापडणार नाही आणि तिथेच प्राण जाईल. घामाने येणारी घेरी म्हणून हे लिहिलंय. त्या घेरीत निखाऱ्यांच्या वायूचा वाटा किती होता, हे आता कोण सांगणार! पण ओट्याला हाताने धरत दार गाठायची सोय जो माणूस बांधकामातच करून ठेवतो, त्याने कुणाला तरी आत पडलेलं पाहिलेलं असावं. त्याच अध्यायातली कुटी मात्र याच्या नेमकी उलटी आहे. जाड भिंतींची, बिनखिडक्यांची, मध्ये बाज आणि भोवती निखाऱ्यांच्या शेगड्या. आपली बाळंतिणीची खोली जेन्ताकावर गेली नाही, या कुटीवर गेली.

खिडक्यांचा आणि धुराड्याचा विचार करणारी दुसरी परंपरा भंडाऱ्याच्या अगदी अंगणात होती. वैनगंगेकाठच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उजेडात आणलेला तो स्तूप सातवाहनांच्याही आधीपासूनचा आहे. तिथल्या भिक्खूंना जे नियम लागू होते त्या विनयात जंताघराची, म्हणजे शेकण्याच्या आणि न्हाण्याच्या घराची, चर्चा येते. कथा अशी की जीवक वैद्य वैशालीला गेला, तिथे भिक्खूंची जड झालेली शरीरं त्याने पाहिली, आणि चंक्रमण (येरझाऱ्या) व जंताघर या दोन गोष्टींची परवानगी बुद्धाकडे मागितली. परवानगी मिळाली आणि मग तक्रारींमागून तक्रारी सुरू झाल्या. जंताघर लहान असेल तर चूल एका बाजूला असावी, मोठं असेल तर मधोमध. आगीने तोंड भाजतं, तर तोंडाला माती लावावी. खाली चिखल होतो, तर विटा, दगड किंवा लाकूड अंथरावं, पाणी जायला मोरी काढावी. धूर कोंडतो, तर धूमनेत्र ठेवावं, म्हणजेच धुराडं. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसं ते वाटतं, पण त्यातून दिसतं ते महत्त्वाचं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी या देशात कुणीतरी धुराला वेगळी वाट काढून दिली होती. ती वाट पुढे मठातच राहिली, गृहस्थाच्या घरात आली नाही.

न यायला कारण होतं, आणि ते डोक्यावर होतं. झाडीपट्टीतलं जुनं घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, बांबूंचा सांगाडा आणि वर कवेलू. कवेलू एकमेकांवर नुसती ठेवलेली असतात. त्यांच्यात चुना नाही, सिमेंट नाही. चुलीचा धूर वर जातो, बांबूंना काजळी चढवत जातो (तिच्यामुळे बांबूला कीड लागत नाही, हा वरचा फायदा) आणि कवेलूंच्या फटींतून बाहेर पडतो. सकाळी गावाकडे लांबून पाहिलं तर प्रत्येक छपरातून सर्वांगाने धूर निघताना दिसतो. दाराला गोधडी टांगलेली असली, खिडकी बुजवलेली असली, तरी वरचं सगळं छप्पर उघडंच असायचं. तापलेली हवा हलकी होऊन तिथून निघून जायची, सोबत विषारी वायूही जायचा, आणि दाराखालच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जायची. घरभर एकच मोठं धुराडं होतं, म्हणून वेगळं धुराडं कुणाला सुचलं नाही.

इथेच या वंशावळीतला घात आहे. शेगडी बदलली नाही, सुईणीचा हात बदलला नाही, छप्पर बदललं. आधी पत्रे आले. १९८५ नंतर इंदिरा आवासची घरकुलं आली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतली आली, किमान पंचवीस चौरस मीटरची, आणि स्लॅब पडू लागला. घरकुलांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला लागत नाहीत, माकडांनी फोडली म्हणून पावसाळ्यात रात्रभर भांडी ठेवावी लागत नाहीत, हे सुख ज्यांनी भोगलं त्यांनाच त्याची किंमत. पण स्लॅबला फटी नसतात. त्यातच अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, दारांना रबरी पट्ट्या आल्या. अशा खोलीत जुन्या खात्रीने निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं की चरकाची बिनखिडक्यांची कुटी अक्षरशः तयार होते. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अंगीठीच्या बातम्या येतात. रात्री दार लावून झोपलेलं कुटुंब सकाळी उठत नाही. विदर्भाची थंडी तितकी कडक आणि लांब नाही, म्हणून आपल्याकडे हे कमी घडतं. आपण अधिक शहाणे आहोत म्हणून नव्हे.

जगात ज्यांची थंडी लांब होती त्यांनी विस्तव आणि श्वास यांच्यामध्ये जमीन घातली. रोमन लोकांची पद्धत व्हिट्रुव्हियस या वास्तुकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना आपल्याकडचा एखादा जुना गवंडी बोलतोय असं वाटतं. खालची जमीन भट्टीच्या तोंडाकडे इतक्या उताराची करावी की आत टाकलेला चेंडू थांबू नये, आपोआप परत भट्टीशी यावा. म्हणजे ज्वाळा मागपर्यंत पसरते. त्यावर आठ इंची विटांचे दोन फूट उंच खांब, खांबांवर दोन फुटी लाद्या, आणि हे सगळं रचायचं ते केस मिसळून तिंबलेल्या चिकणमातीत. आपण भिंतीच्या मातीत तणीस किंवा कोंडा कालवतो, त्यांनी केस कालवले. तडा जाऊ नये हाच दोघांचा हेतू. खालच्या पोकळीतून आग आणि धूर फिरून बाहेर जायचा, वर माणूस अनवाणी चालायचा.

ही विद्या न्हाणीघरांच्या वाटेने पश्चिम आशियात मुरली आणि हमाम होऊन आपल्याकडे आली. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला, जिथे १६३१ मध्ये मुमताज महल वारली, किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. म्हणजे सातपुड्याच्या या बाजूला, मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर, आग एकीकडे आणि ऊब दुसरीकडे ठेवण्याची रीत साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी पोचली होती. ती राजवाड्यातून खाली उतरली नाही. काश्मिरात उतरली, तिथे मशिदींत आणि पैसेवाल्यांच्या घरांत दगडी लाद्यांखाली आजही लाकडं जळतात आणि लोक त्या लाद्यांवर बसून गप्पा मारतात. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने सहा-आठ आठवड्यांच्या थंडीसाठी घराखाली भट्टी का बांधावी? त्याच्याकडे गोवरी होती, कांबळ होतं आणि सकाळचं ऊन होतं.

मातीच्या घराला खरा धडा मिळतो तो उत्तर चीनच्या कांगकडून आणि कोरियाच्या ओंडोलकडून. कांग म्हणजे कच्च्या विटांचा झोपायचा ओटा, आतून पोकळ. चुलीचा धूर त्याच्यातून फिरून पलीकडच्या धुराड्याने निघतो. सैपाकही होतो आणि अंथरूणही तापतं. एफ. एच. किंग या अमेरिकी शेतीतज्ज्ञाने १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की काही वर्षांनी कांगच्या विटा काढून, फोडून शेतात खत म्हणून टाकतात, कारण त्या धूर पिऊन समृद्ध झालेल्या असतात. कोरियात ओटा नाही, सगळी जमीनच तशी. दगडी लाद्यांखाली धुराच्या आडव्या वाटा, वर मातीचा गिलावा, त्यावर तेल पाजलेला कागद. तो कागद शोभेसाठी नव्हता. मातीला जाणारी केसाएवढी भेगही तो झाकायचा.

हे जोवर लाकडावर चाललं तोवर ठीक होतं. लाकडाच्या धुराला वास असतो, भेग पडली की नाकाला कळतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कोरियात लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या आल्या, रात्रभर मंद जळणाऱ्या, जवळजवळ बिनधुराच्या. आणि जमिनीतल्या त्याच बारीक भेगांतून वायू वर येऊ लागला. दरवर्षी शेकड्यांनी माणसं झोपेत गेली. पुन्हा तेच: धूर नाही म्हणून भय नाही. शेवटी कोरियन घरांनी आग बाहेर काढली आणि जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या. या बदलाची एक आधीची शाखा अमेरिकेत निघाली होती. वास्तुकार फ्रँक लॉइड राइट टोकियोत ओकुरा यांच्या घरी एका कोरियन पद्धतीच्या खोलीत बसला, पायांखालची ऊब त्याला विसरता आली नाही, आणि १९३७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला उभ्या राहिलेल्या जेकब्स यांच्या घरात त्याने जमिनीखाली नळ्या टाकल्या.

आता भंडाऱ्याकडे. समजा साकोली-लाखनीकडे कुणी मातीचं घर बांधतंय आणि त्याला जमीन उबदार हवी आहे. वंशावळीतल्या कोणत्या पूर्वजाचं बोट धरावं?

धूर जमिनीखालून फिरवायचा मोह मातीचं काम करणाऱ्याला आधी होतो, कारण त्यात विकत काही आणावं लागत नाही. मी तो इथे सपशेल नाकारीन. पहिलं कारण पाऊस: वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर, आणि जमिनीखालची पोकळी म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने जे केलं ते आठवावं. दुसरं कारण माती. कन्हार असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. सिहार किंवा मोरांड त्या मानाने गरीब, तरी तापून-निवून तडा जाणारच, आणि तेलकागद लावायची आपली रीत नाही. तिसरं कारण घूस. धान साठवलेल्या घराच्या जोत्यात घूस नाही असं गाव दाखवा! तिने एका रात्रीत धुराच्या वाटेतून बाजेखालपर्यंत बोगदा काढला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

विजेच्या ताराही मला पटत नाहीत, निदान शेणाने सारवलेल्या भुईखाली तरी. आठवड्याला ओलं सारवण पडणार, दर काही वर्षांनी भुई उकरून पुन्हा चोपली जाणार, आणि उकरणाऱ्याच्या हातात सब्बल असणार. फरशी घातलेली खोली असेल, आर्थिंग खरोखर तपासलेलं असेल, आणि तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. उबेच्या नावाखाली वीज निर्धोक समजू नये, हे भंडाऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली.

राहिल्या गरम पाण्याच्या नळ्या, आणि इथे हिशेब आपल्या बाजूने आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. तिच्यातला चार इंच जाडीचा मातीचा थर भरतो दोन टनांच्या आसपास. तो पाच अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट विजेएवढी उष्णता लागते. रात्रभर तेवढाच राखायला आणखी थोडी. छपरावरच्या सौर बंबातलं दोनशे लिटर पाणी साठ अंशांवरून पस्तिसावर उतरताना साडेपाच युनिटांहून अधिक देऊन जातं. भंडाऱ्याच्या जानेवारीत आभाळ बहुतेक निरभ्र असतं. म्हणजे एक साधा सौर बंब आणि एक छोटा पंप एवढ्यावर एक खोली सांभाळता येते. संपूर्ण घर नाही, आणि त्याची गरजही नाही. माती सावकाश तापते, तेव्हा पाणी संध्याकाळी फिरवून उपयोग नाही, दुपारी तीनपासून सोडावं लागतं. पाणी चाळीसच्या आसपासच असावं आणि पायाला लागणारी जमीन एकोणतीस अंशांपुढे जाऊ नये. त्याहून जास्त तापली तर पाय सुजतात आणि सारवण सुकून त्याचे पोपडे निघतात.

यालाही भय आहेच, पण ते माणसाच्या जिवाचं नसून घराच्या जिवाचं आहे. मातीच्या घरात जमिनीखाली नळी गळली तर भिंतीचं जोतं ओल धरतं, आणि ओल धरलेलं जोतं बसलं की भिंत बसते. म्हणून जमिनीच्या आत जोड नको. एका खोलीला एकसंध नळी, दोन्ही टोकं भिंतीवर उघडी. माती टाकण्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी काटा पाहायचा. नळी भिंतीपासून हातभर आत.

तरीही, मला कुणी विचारलं तर मी नळीच्याही आधी चरकाच्या त्याच अध्यायाच्या शेवटाकडे बोट दाखवीन. तेरा अग्निस्वेद सांगून झाल्यावर तो अग्नीवाचूनचे दहा प्रकार देतो. व्यायाम, भूक, भय, राग आणि लढाई हेही त्यात आहेत, त्यांची आपल्याला गरज नाही. पण त्यात उष्ण सदन आहे, म्हणजे आग न लावता जाड भिंतींनी आणि वारा अडवून उबदार राहणारं घर. जड पांघरूण आहे. आणि ऊन आहे. झाडीपट्टीतलं मातीचं घर पहिल्या अटीत जवळजवळ बसतं. कमी पडते ती फक्त भुई, कारण तिची ऊब खालच्या ओल्या मातीत झिरपत जाते. ती वाट तोडली की अर्धं काम झालं. आणि तोडायचं साहित्य गावातच पडलेलं असतं: राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याच्या राखेचे ढीग असतात. ती राख हलकी असते, ऊब पलीकडे जाऊ देत नाही आणि वाळवीला खायला तिच्यात काही नसतं.

बाळासाठीही शोध याच दिशेने गेला आहे. कोलंबियातल्या बोगोटा इथे १९७८ मध्ये इनक्युबेटर अपुरे पडले तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज सरकारी रुग्णालयांत तेच शिकवतात. झाडीपट्टीच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. बाळाला कोरडं करणं, गुंडाळणं, उबदार पिशवीत ठेवणं हा त्या शिकवणीचा भाग होता. बाजेखालची शेगडी त्यात कुठेच नाही. ओवा-शेपाचा वास ज्यांना हवा त्यांनी तो अंगणात घ्यावा. शेकोटीची जागा तिथेच आहे.

कामाला लागायचं तर दिवाळीनंतर, ओल उतरल्यावर. जुनी भुई फूटभर उकरायची. तळाला मुरूम टाकून धुम्मस करायची, त्यावर गिट्टीचा थर, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. मग कोंड्याची राख थोडा चुना कालवून चार बोटं, हलक्या हाताने दाबलेली. नळी टाकायची असेल तर ती यावर, वीतभर अंतराने नागमोडी, आणि वर तणीस कुटून घातलेली माती दोन थरांत चोपलेली. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. पहिले आठ दिवस पाणी कोमटच सोडायचं. सारवण पातळ. खोलीत जिथे म्हाताऱ्यांची बाज पडते तिथे नळ्या जवळजवळ घ्याव्यात, धान्याच्या ढोल्याखाली अजिबात घेऊ नयेत, नाहीतर आतलं धान तापून खराब होतं. आणि नळी कुठून कुठे गेली आहे याचा नकाशा कागदावर न ठेवता दाराच्या चौकटीवर कोरून ठेवावा. वीस वर्षांनी भुई उकरायला येणारा गडी घरमालकाला विचारत बसणार नाही.